आवाज आधी, चित्र मागून

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. कारण सांगायला गेलं तर यात आहे काय? रोह्याला खोलीवर बसून मी पेणच्या घरातल्या वायफायवरून एक फोन ब्लॉक केला. बस. कोणी मेलं नाही, कोणी पळून गेलं नाही. आणि लिहिणं हा काय माझा धंदा नाही. मी धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे, व्हॉल्व्ह उघडतो, व्हॉल्व्ह बंद करतो. पण ते डोक्यातून जात नाही. शिफ्टला असताना पण जात नाही, आणि आमच्या कामात डोकं दुसरीकडे असणं बरं नाही. म्हणून लिहितोय. नावं बदलली आहेत. पेणला गणपतीचे कारखाने गल्लोगल्ली, आमचा कुठला ते शोधून सापडायचं नाही. आणि बाबा एवढं लांबलचक काही वाचत नाहीत.

तर त्या आठवड्यात माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणजे दुपारपर्यंत मी खोलीवर. फर्स्टला असलो की मोबाईल गेटवर जमा, आत ठिणगी चालत नाही, मग सुटेपर्यंत पेणचं घर माझ्यासाठी नसतंच. सेकंडला मात्र घर माझ्या हातात. म्हणजे खरंच हातात. राउटरचं ॲप उघडलं की घर ओळीने दिसतं. आईचा फोन. बाबांचा फोन. टीव्ही. कारखान्यातला कॅमेरा. नावं मीच दिलेली, प्रत्येकासमोर हिरवा ठिपका. आईचा ठिपका गेला की समजायचं आई बाजारात, टीव्हीचा आला की समजायचं बाबा जेवायला बसले. नेट अडकलं की आईचा मिसकॉल येतो, मी इथून रीस्टार्ट मारतो, थोड्या वेळात तिकडे मालिका चालू. आई शेजारणीला सांगते, आमचा हर्षद रोह्याला बसून इथलं घर चालवतो. मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू. एकुलता एक मुलगा मूर्तीचा कारखाना सोडून केमिकलमध्ये गेला, त्याचं जे काही टोचत होतं ते रीस्टार्टच्या बटनाने जरा कमी व्हायचं. कधीकधी काही काम नसताना पण मी ते ठिपके बघत पडून राहायचो. आईला फोन करण्यापेक्षा सोपं. ठिपका विचारत नाही, येतोस कधी.

त्या दुपारी मी भात लावला होता आणि कॅमेऱ्याचा ठिपका गेला. हिरव्याचा राखाडी झाला. आणि थोड्याच वेळात खाली नवीन एक ओळ आली. नाव नाही. आजकालचे फोन आपलं खरं नाव सांगत नाहीत, नुसती अक्षरं आणि आकडे, आणि वर ॲपने लिहिलेलं, अनोळखी. ते अनोळखी माझ्या घरात बराच वेळ बसलं. मग गेलं, आणि कॅमेरा परत आला. दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी पण तेच, आणि भात करपला.

दुपारी आमच्या कारखान्यात कोणी नसतं. रंगकामाच्या बायका जेवायला आपापल्या घरी जातात, बाबा पंखा लावून पाटावरच आडवे होतात. मग कोण येतंय? आधी वाटलं शेजारच्या कोणीतरी पासवर्ड मिळवला. पण मग कॅमेरा का बंद होतो? मग वाटलं बाबा जागा विकतायत, बिल्डरचा माणूस येतो. त्यानंतरचा विचार आईबद्दल होता. तो काय होता ते मी लिहीत नाही, पण आला होता, एवढं लिहितो. स्वतःच्या आईबद्दल, एका ठिपक्यावरून. मी बाबांना फोन केला.

"बाबा, कॅमेरा दुपारचा बंद का होतो?"

"लाईट जाते रे."

"रोज?"

"आता रोज जाते तर मी काय खांबावर चढू? तू जेवलास काय?"

लाईट गेली असती तर राउटर पण गेला असता. राउटर चालू होता, टीव्ही चालू होता. बाबा खोटं बोलत होते आणि मला ते रोह्याला बसून दिसतं हे त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं, बरं.

हे 'बरं' आमच्या घरातलं जुनं. आठवीत असताना बाबांनी एकदा माझ्या हातात बारीक ब्रश दिला होता. सोंड तुटलेली, विकता न येणारी मूर्ती होती, म्हणाले काढ डोळा. आमच्या धंद्यात बाकी सगळं कोणी पण करतं, साचा, पितांबर, दागिने, पण डोळ्यांची आखणी मालकाची. गिऱ्हाईक येतं ते डोळ्यांसाठी. बाबांचं नाव गुणाजी, गुणाजींच्या गणपतीची नजर, असं मुंबईपर्यंत म्हणतात. मी जीभ दातात धरून डावा डोळा काढला. बाबांनी बघितलं, म्हणाले, "तू डोळा काढत नायस, भिंतीतलं भोक बुजवतोयस." सगळ्या बायका हसल्या, मी पण हसलो. उजवा डोळा सुजयने काढला. सुजय म्हणजे माझा दोस्त, त्याची आई आमच्याकडे रंगाला यायची आणि तो तिच्याबरोबर यायचा, शाळेत पण माझ्याच बाकावर. बाबांनी ती मूर्ती बल्बखाली धरली. एकीकडे माझा डोळा, एकीकडे त्याचा. त्याच्या डोळ्याकडे ते इतका वेळ बघत राहिले की मला लघवीला लागल्यासारखं झालं. मग म्हणाले, बरं. त्या दिवसापासून ब्रश त्याच्याकडे गेला आणि मी सुटलो. सुटलो असंच वाटलं होतं तेव्हा. आनंद झाला होता. तो आनंदच मला नंतर कळेनासा झाला, अजून पण कळत नाही, की कुणी आपल्या हातातून काहीतरी काढून घेतलं आणि आपल्याला हलकं का वाटलं.

सुजय मग बाबांच्या शेजारी बसून डोळे काढायचा, पुष्कळ वर्षं. पण दोन वर्षांपूर्वी त्याने एका मोठ्या मूर्तीला स्वतःच्या पद्धतीचे डोळे काढले. अर्धे मिटलेले, झोपेतून उठल्यासारखे. बाबा आले, बघितलं, ओलं फडकं घेतलं आणि सगळ्यांसमोर ते डोळे पुसून टाकले. काही बोलले नाहीत. सुजयने ब्रश धुतला, जागेवर ठेवला, आणि परत आला नाही. तो आता नागोठण्याला ठेक्यावर रात्रपाळी करतो, टाक्यांवर आणि पाइपांवर रंग मारतो. आमचं बोलणं पण कमी झालं. भांडण नाही. काय बोलायचं ते सुचायचं नाही.

भात करपल्याच्या वासाने आमचे खोलीमालक वर आले. एलियाह काका. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावचे जुने बेने इस्रायली लोक, भाऊबंद सगळे इस्रायलला गेले, मुलगी रूथ पण तिकडेच, हे एकटे राहिलेत.

"काय रे हर्षद, कंपनीचा वास काय कमी पडला म्हणून घरी पण?"

"घरचं जरा बघत होतो काका."

"घरचं म्हणजे मोबाईल." ते दारातच टेकले. "आमच्या रूथने पण लावलाय ना कॅमेरा हॉलमध्ये. परवा तिकडून फोन, पप्पा, लुंगी नीट नेसा. मी म्हटलं, अगो बाय, बघायचं तर बघ, पण बघितलंस ते सांगू नको. नायतर मला माझ्याच घरात पँट घालून बसायला लागेल."

मी हसलो. मग त्यांना त्या ओळीबद्दल सांगितलं, बाकीचं नाही.

"मग विचार की, कोण हायस बाबा तू."

"असं विचारता येत नाय काका. एक तर राहू द्यायचं, नायतर ब्लॉक करायचं."

"दोनच?"

"दोनच."

"मग राहू दे. बसलंय बिचारं गप."

ते खाली गेले. ओळ अजून होती, ठिपका हिरवा. मी बोट ठेवलं. ॲपने विचारलं, नक्की? घामाने अंगठा स्क्रीनला चिकटत होता. मी नक्की दाबलं. ठिपका लाल झाला आणि ओळ खाली सरकली, आणि मला काय वाटलं सांगू, मला घराचं दार लावून घेतल्यासारखं वाटलं. मी त्या घरातला आहे असं बऱ्याच दिवसांनी वाटलं. करपलेला भात खरवडून खाल्ला तो पण चवीने.

दुसऱ्या दिवसापासून अनोळखी आलं नाही. कॅमेरा पण बंद झाला नाही. मी जिंकलो. शिफ्टला व्हॉल्व्ह फिरवताना शीळ घालत होतो.

पुढचा आठवडा माझा फर्स्टचा होता, घरी तसंच माहीत होतं. पण मधल्या एका दिवशी एकाने शिफ्ट बदलून मागितली, त्याच्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे होते. मी दिली. घरी सांगितलं नाही, सांगण्यासारखं काय होतं त्यात. दुपारी पडल्या पडल्या कॅमेरा उघडला.

मूर्तींच्या रांगा. चतुर्थी तोंडावर आली होती, एव्हाना निम्म्या मूर्ती प्लास्टिक घालून दाराशी लागतात. पितांबर झालेलं, दागिने झालेले, सोंडेवर नक्षी झालेली, नखं पण रंगवलेली. आणि दाराशी प्लास्टिक घातलेल्या पाच-सहा सोडल्या तर एकीला पण डोळे नाहीत. मागच्या फळीपर्यंत नुसते पांढरे गोळे. लहानपणापासून मी बिनडोळ्यांच्या मूर्तींमध्येच झोपलोय, जेवलोय, अभ्यास केलाय, मला कधी काही वाटलं नाही. पण चतुर्थी इतकी जवळ आल्यावर इतक्या सगळ्या कधीच नव्हत्या, आणि त्या सगळ्या कॅमेऱ्याकडे तोंड करून होत्या.

बाबा एकटे पाटावर होते. उजव्या हातात ब्रश, डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं. ब्रश मूर्तीच्या तोंडापाशी न्यायचे आणि थांबायचे. म्हणजे ते थांबायचे, ब्रश थांबत नव्हता. मग मागे घ्यायचे, पाण्यात बुडवायचे, फडक्याला पुसायचे, परत न्यायचे. ब्रशला रंग लागलेलाच नव्हता तरी धुवायचे. मला वाटलं नेट अडकतंय. शप्पथ. नेट कमी पडलं की व्हिडिओतली माणसं अशीच हलतात, जागच्या जागी, पुढे मागे. मी ॲपवर गेलो, रीस्टार्टवर बोट ठेवलं, आणि मग परत कॅमेऱ्यात बघितलं. बाबांच्या मागे पंखा होता. पंखा नीट फिरत होता. एकसारखा, कुठेच न अडकता.

किती वेळ बघत बसलो माहीत नाही. आई आली, त्यांच्या बाजूला बसली, दोन्ही हातांनी त्यांचं कोपर धरलं, गरम भांडं धरतात तसं. बाबांनी परत ब्रश नेला. परत मागे घेतला. आई उठून आत गेली. मी फोन लावला. का लावला ते सांगता येत नाही, तो हात थांबवायला लावला असेन.

"बोल रे," बाबा म्हणाले. चित्रात त्यांनी अजून फोन उचलला पण नव्हता. कॅमेऱ्याचं चित्र मागून येतं, आवाज आधी.

"काय करताय?"

"काय करणार, आखणी चाललीय. सीझन हाय. मान वर करायला टाईम नाय बघ." आवाज एकदम खणखणीत. आणि आता चित्रात ते ब्रश खाली ठेवत होते, पंच्याला हात पुसत होते, फोन शोधत होते. "आज फर्स्ट ना तुझी? मोबाईल कसा काय?"

"जेवायच्या सुट्टीत गेटवर आलो."

"मग जेव ना. फोन काय करतोस."

"किती झाल्या आखून?"

"होत आल्या रे. मजेत हाय सगळं." हे त्यांनी म्हटलं, आणि मी थांबलो, कारण मला माहीत होतं आता ते चित्र येणार. आलं. फोन कानाला, तोंड उघडं, हसत होते बाबा, भिंतीकडे बघून हसत होते, आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. शाळेत छडी खाल्ल्यावर मुलं बसतात तसे. "मजेत," हे माझ्या कानात आधीच होऊन गेलं होतं.

मी म्हटलं, बरं.

मग आईला लावला. ती स्वयंपाकघरात होती, तिथे कॅमेरा नाही, तेवढं बरं.

"आई, दुपारचा कॅमेरा बंद करून कोण यायचं?"

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"आई."

"तूच हाकललंस आणि मलाच विचारतोस व्हय?"

"कोणाला?"

"सुजयला! रात्रपाळी करून यायचा रे पोर, झोप नाय, काय नाय. डोळे काढायचा. त्याचं ते डबलबारीचं भजन लावायचा मोबाईलवर, त्याशिवाय हात चालत नाय म्हणतो. त्या दिवशी बुबुळ अर्धं काढलं आणि भजन बंद पडलं. माझा फोन चालू, टीव्ही चालू, त्याचाच तेवढा बंद. मला विचारलंन, काकी, हर्षदला तिथून असं करता येतं काय?"

"मग?"

"मग काय! मी म्हटलं व्हय, तो तिथून सगळं करतो." माझी आई. ते पण कौतुकानेच म्हणाली असेल. "उठला, ब्रश धुतलान, गेला. ह्यांना कळलं नाय का गेला. मी पण नाय बोलले. ह्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं पुन्हा."

"बाबांच्या हाताचं कधीपासून?"

"गेल्या सीझनपासून. गोळ्या चालू हायत. तुला सांगायचं नाय म्हणून माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शप्पथ घ्यायला लावलीय त्यांनी."

मी ॲपमध्ये गेलो, खालची लाल ओळ शोधली, ब्लॉक काढला. ॲपने टिक दाखवली. मी स्क्रीनकडे बघत बसलो, जणू तो आता येईल. राउटर मी पाच वेळा बंद-चालू करू शकतो, पासवर्ड बदलू शकतो, इथून तिथला टीव्ही गप्प करू शकतो. एक माणूस पाटावर आणून बसवता येत नव्हता. आणि पेण काय अमेरिकेत नाही. दिवा पॅसेंजर पकडली की मी जेवायला घरी पोचतो. पण जाऊन काय करणार होतो? दारात उभा राहिलो असतो तर बाबांनी ब्रश उचलला असता, मला दाखवायला. ते मला बघवलं नसतं. लांबून बघवत होतं, हे पण वाईटच.

सुजय फोन उचलत नव्हता. सुट्टीच्या दिवशी सकाळी नागोठण्याला गेलो, रात्रपाळी सुटायच्या वेळेला. स्टँडसमोरच्या हॉटेलात तो बसला होता, पुढे चहा. डोळे लाल, नखांत टाकीचा निळा रंग.

"या, राउटर साहेब," तो म्हणाला. "आज प्रत्यक्ष? तिकडून होत नव्हतं काय?"

"मला माहीत नव्हतं तू हायस ते."

"नाव येत नाय?"

"नवीन फोन ना तुझा. अनोळखी येतं."

तो हसला. "मग बराबर लिहिलंय."

"सुजय, आईशप्पथ."

"मला वाटलं तू बघितलंस. काकी म्हणते तुला सगळं दिसतं. मला वाटलं तू सांगतोयस, माझ्या बापाच्या पाटावर बसू नको. तोंडाने बोलला असतास तर दोन शिव्या देऊन बसलो असतो तिथेच. पण हे असं, नुसतं बंद." त्याने चहाचा ग्लास फिरवला. "पुसल्यासारखं."

हॉटेलवाल्याने न विचारता माझ्यापुढे भजी ठेवली.

"बाबा तुझ्याकडे आले होते?"

"आले ना. एसटीने. तिथे गेटबाहेर उभे होते, हात खिशात. मला वाटलं माफी मागतायत. कसली माफी! म्हणाले, माझे डोळे काढशील काय? तुझे नको. माझे." तो परत हसला, पण या वेळी वेगळं. "काय बोलणार तू असल्या माणसाला? काढतो. ते मागे बसतात, वर घे, बारीक, थांब, असं सांगतात. श्वास पण त्यांच्याच सारखा घ्यायला लागतो."

"मी बोलतो बाबांशी. सांगतो मला कळलंय, लपवायची काय गरज नाय..."

"गप ए!" शेजारच्या बाकावरचे दोघं वळले. त्याने आवाज खाली घेतला. "काय बोलणार तू? काकीला माहीत हाय. मला माहीत हाय. बायका काय आंधळ्या हायत काय, त्यांना पण माहीत हाय. एक तुला माहीत नाय, एवढंच राहिलंय त्यांच्याकडे. तुझ्यासमोर ते अजून गुणाजी मूर्तिकार हायत. ते पण काढून घेतोस?"

"मग मी काय करू?"

"काय नाय करायचं."

आम्ही भजी खाल्ली. म्हणजे त्याने खाल्ली. मी विचारलं, "येशील?"

"जाईन आज. गणपती काय आंधळे पाठवायचे लोकांच्या घरी? पण एक हाय." त्याने बोटं पुसली, एकेक करून. "चतुर्थीला तू घरी असशील. काका तुला मूर्तीसमोर उभा करतील आणि विचारतील, कशी आलीय नजर. नीट बघायचं. वेळ घेऊन. लगेच बोललास तर त्यांना कळतं. मग म्हणायचं, बाबा, असा डोळा तुमच्याशिवाय कोणाला जमायचा नाय."

"आणि तू?"

"मी असेन की तिथेच, आरतीला. माझ्याकडे बघायचं नाय."

"सुजय..."

"आत्ता म्हण."

"इथे?"

"इथे. मला ऐकू दे कसा बोलतोस ते."

मी म्हटलं, बाबा, असा डोळा, आणि पुढचं आलं नाही. तो थांबून राहिला. ग्लास धरलेला त्याचा हात मी बघत होतो, त्यात जराही हालचाल नव्हती. "परत," तो म्हणाला. परत म्हटलं. तुमच्याशिवाय पर्यंत पोचलो. बाहेर पेणची एसटी लागली, कंडक्टर ओरडायला लागला, आणि सुजय पिशवी उचलून धावला. मी त्याच्या मागे. पायरीवर एक पाय ठेवून तो वळला.

"त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणायचं. पायाकडे बघून पुटपुटशील, तुझी सवय हाय ती."

"म्हणेन," मी म्हटलं. "तोंडाकडे बघून म्हणेन."